एक आगाशी कीं दोन? : वसई प्रांतांतील चर्च-दप्तरांतलीं ग्रामनामें

आमच्या एका संग्राहक स्नेह्यांजवळ फिरंगी भाषेंतील एक सुटें पान आहे. कागद हातबनावटीचा, दोन्ही अंगांस लिहिलेला. कडा कसरीनें खाल्लेल्या, आणि लोहाच्या शाईनें कित्येक अक्षरें आरपार जळून गेलेलीं. पानावर विवाहाच्या सहा नोंदी आहेत आणि सन अठराव्या शतकाच्या सातव्या दशकांतला आहे. कोणा विक्रेत्यानें माथ्यावर पेन्सिलीनें "गोवें – आगशी" असा शेरा मारलेला होता. स्नेह्यांचा संग्रह मुख्यत्वेंकरून उत्तर कोंकणचा. सबब हें पान गोव्याकडील एका संग्राहकास देऊन त्याच्या मोबदल्यांत मोडी कागदांचा एक रुमाल घ्यावा असें त्यांच्या मनांत आलें, व त्यांनीं आमचें मत विचारलें. आम्हीं पान पाहिलें, 'आगासाइं' हें नांव वाचलें, आणि "गोव्याचेंच आहे, खुशाल द्यावें" असें सांगून मोकळे झालों.

हें मत चुकीचें होतें. पान वसईचें आहे. आमचा निर्णय कोणत्या कारणानें चुकला आणि कोणत्या खुणेनें सुधारला हें येथें सविस्तर मांडतों. कारण अशाच शेऱ्याखालीं वसईचीं आणखी कांहीं पानें दुसऱ्या मुलखाच्या नांवानें बांधून ठेवलेलीं असावींत असा आमचा दाट संशय आहे.

प्रथम या दप्तरांविषयीं थोडेंसें. ट्रेंट येथील धर्मपरिषदेनें इ. स. १५६३ मध्यें, प्रत्येक पाद्रीनें आपल्या हद्दींतील विवाहांची वही ठेवावी असा ठराव केला. पुढें इ. स. १६१४ च्या रोमन विधिग्रंथानें बाप्तिस्मा, दृढीकरण, विवाह, मृत्यु आणि घरवार शिरगणती अशा पांच प्रकारच्या नोंदींचे नमुने घालून दिले. आपल्याकडील क्षेत्रोपाध्यायांच्या चोपड्या ज्यांनीं चाळल्या आहेत त्यांस या वह्यांचें मोल निराळें सांगावयास नको. दोहोंतही माणूस गांवाच्या नांवानें सांपडतो. किंबहुना वसईच्या वह्यांत तो गांवावांचून सांपडतच नाहीं. कारण बाप्तिस्म्याच्या वेळीं धर्मपित्याचें किंवा पाद्रीचें आडनांव घेण्याची चाल असल्यामुळें, परस्परांशीं रक्ताचा कांहींएक संबंध नसलेलीं परेरा, लोपीस, डिसोझा घराणीं गांवोगांव निर्माण झालीं. 'अन्तोनियुचा मुलगा पेद्रु परेरा' एवढ्यावरून कोणाचाही वंश लागत नाहीं. पुढें गांवाचें जें नांव येतें तेवढाच खरा धागा. तो चुकला म्हणजे एका घराण्याचे पूर्वज दुसऱ्याच्या पदरीं बांधले जातात, आणि हें कोणाच्या ध्यानांतही येत नाहीं.

आतां हीं ग्रामनामें वह्यांत कशीं उतरलीं आहेत तें पाहूं. ता. २३ डिसेंबर १५३४ रोजीं गुजराथच्या बहादूरशहानें वसई व तिचा मुलूख फिरंग्यांस तहानें दिला, आणि तेव्हांपासून इ. स. १७३९ च्या मे महिन्यांत चिमाजीअप्पांनीं किल्ला घेईपर्यंत या प्रांताचा सरकारी हिशेब त्यांच्या भाषेंत व रोमन लिपींत राहिला. त्या लिपीस आपले महाप्राण नाहींत, मूर्धन्य वर्ण नाहींत. नाकांत बोलण्याचा मात्र तिला फार सोस. आपल्या शब्दाच्या अंतीं 'ई' आली कीं ते तिला अनुनासिक जोडीत. वसईचें त्यांनीं 'बसाइं' केलें, मुंबईचें 'बोंबाइं', आशेरीचें 'आसेरीं', कान्हेरीचें 'कानारीं'. हा नियम एकदां ध्यानांत आला म्हणजे, मुंबईचें नांव फिरंगी भाषेंतील 'चांगला उपसागर' या शब्दांवरून पडलें ही जी कथा अजूनही सांगितली जाते तिचा निकाल आपोआप लागतो. वसईच्या शेपटीस जें आहे तेंच मुंबईच्या शेपटीस आहे. शेजारच्या वसईंत कोणता उपसागर चांगला होता? शिवाय त्या भाषेंत उपसागरवाचक शब्द स्त्रीलिंगी असून या कथेंतलें विशेषण पुल्लिंगी आहे, हें व्याकरण शिकविण्यांत आयुष्य घालविलेल्या आमच्यासारख्याच्या नजरेंतून सुटणें कठीण.

नामान्तीं 'ण' असला तर निराळी तऱ्हा. दमणचें 'दमाँउ' झालें, आणि वसईच्या पूर्वेकडील कामणचें 'कमाँउ'. पण हाच 'आँउ' ते आपल्या 'गांव' शब्दाच्या अंतींही लिहीत. तेव्हां या अंत्य चिन्हामागें मूळचा 'ण' आहे कीं 'गांव'मधला सानुनासिक 'व' आहे, हें केवळ अक्षरांकडे पाहून सांगतां येत नाहीं. केळवें गांवाचें 'केल्मे' हें रूप प्रथम पाहिलें तेव्हां आम्ही बुचकळ्यांत पडलों होतों. मग उलगडा झाला. संस्कृतांतील 'ग्राम' शब्दाचा 'म' मराठींत सानुनासिक 'व' होऊन 'गांव' झाला. येथें फिरंग्याच्या कानानें त्याच वाटेनें उलटा प्रवास केला, आणि 'वें'मधील अनुनासिक पकडून 'मे' लिहिलें. चूक म्हणावी तर चूक, पण तिच्यांत आपल्या उच्चाराची साक्ष आहे. केळवेंचा अंत्य स्वर तेव्हां नाकांतून स्पष्ट निघत होता, हें मराठी लिहिणाऱ्या कारकुनानें कदाचित् दाखविलेंही नसतें.

दुसरा घोटाळा हस्ताचा. 'बसाइं' लिहितांना मधला 'स' हा शेपूट लावलेल्या 'सी' अक्षरानें दाखवितात. घाईंत शेपूट राहून गेलें, किंवा शेपटीचा खिळा नसलेल्या छापखान्यांत मजकूर गेला, कीं वाचणारा 'बकाइं' वाचतो. 'यू' व 'व्ही', 'आय' व 'जे' हीं अक्षरें जुन्या हातांत एकमेकांच्या जागीं येतात. अनुनासिक कधीं 'एम्'नें लिहिलें जातें, तर कधीं अक्षरावर नागमोडी रेघ ओढून. पानें चुरगळलीं म्हणजे ती रेघ प्रथम जाते. आमच्या मोडींतही ऱ्हस्वदीर्घाचा भेद नाहीं, शब्द तोडलेले नाहींत, आणि 'स'-'श' यांची अदलाबदल पुष्कळदां होते. तेव्हां फिरंग्यांस हंसण्याचें कारण नाहीं. मात्र मोडी वाचणारास या खोडी ठाऊक असतात, फिरंगी वाचणारास नसतात.

ताडून पाहण्याचीं साधनें नाहींत असें मुळींच नाहीं. सिमांव बोतेल्यु या अधिकाऱ्यानें इ. स. १५५४ मध्यें तयार केलेलें वसुलाचें पुस्तक फेल्नेर यानें १८६८ सालीं लिस्बन येथें छापून काढलें आहे. त्यांत वसईकडील गांवें परगणेवार दिलेलीं आहेत. गर्सन द कुन्हा यांचा चौल व वसई यांवरील ग्रंथ इ. स. १८७६ चा, ठाणें जिल्ह्याचें गॅझेटियर १८८२ चें, दलगादु यांचा फिरंगी-आशियाई शब्दांचा कोश १९१९ ते १९२१ मध्यें निघाला. आपल्या बाजूनें, राजवाडे यांनीं १९२४ सालीं प्रसिद्ध केलेली महिकावतीची बखर आहेच. यांपैकीं बोतेल्युचा उपयोग आम्ही सर्वांत अधिक करतों, पण तो एका विशेष रीतीनें. त्यांतील नांव सुटें घेऊन त्याच्याशीं सारखें वाजणारें आजचें नांव शोधावयाचें नाहीं. परगणा पाहावयाचा, आणि मागचीं-पुढचीं दोन नांवें पाहावयाचीं. दोन शेजारी ओळखीचे निघाले कीं मधला अनोळखी कोण हें बहुधा कळून येतें.

संस्कृत शिकलेल्या माणसास येथें एक विशेष मोह पडतो. त्याची कबुली दिलेली बरी. सोपाऱ्यानें आम्हांस बिघडविलें आहे. महाभारतांत शूर्पारक, पाली जातकांत सुप्पारक, नाशिकच्या लेण्यांतील उषवदाताच्या लेखांत शोर्पारग, अरबांच्या लेखनांत सुबारा आणि आज सोपारा अशी दोन हजार वर्षांची अखंड सांखळी ज्या गांवीं हातीं लागते, आणि जेथें १८८२ सालीं भगवानलाल इंद्रजींस स्तूप व अशोकाच्या आठव्या शिलाशासनाचा तुकडा मिळाला, त्या गांवाच्या परिसरांत राहणाऱ्यास प्रत्येक ग्रामनामाच्या तळाशीं एक संस्कृत शब्द पुरलेला आहे असें वाटूं लागतें. परंतु सोपाऱ्याची सांखळी लेखांनीं सिद्ध झालेली आहे, नादसाम्यानें नव्हे. हा भेद आम्हांस एका विद्यार्थ्यानें शिकविला. वसईजवळ रमेदी म्हणून वस्ती आहे. वर्गांत ग्रामनामांचा विषय निघाला असतां आम्हीं मोठ्या ऐटीनें सांगितलें कीं, 'रमेदी' हा 'रमादेवी'चा अपभ्रंश. मागच्या बांकावरून एक ख्रिस्ती मुलगा उठला व अदबीनें म्हणाला, "गुरुजी, आमच्या चर्चमधल्या मातेचें नांव रेमेदियुश आहे. आजी म्हणते, त्यावरून गांवास रमेदी म्हणतात." 'रेमेदियुश' म्हणजे उपाय, औषधें, उपायांची माता असा त्या चर्चच्या नांवाचा अर्थ. मुलाचें म्हणणें पूर्णतः बरोबर होतें. आम्हीं फळ्यावरची रमादेवी पुसली.

रमेदीसारखेंच मर्सेस. तेंही फिरंगी 'मर्सेश' म्हणजे कृपा या अर्थाच्या मातेच्या नांवावरून. म्हणजे कांहीं ग्रामनामांचा प्रवास मराठींतून फिरंगींत झाला आहे, तर कांहींचा फिरंगींतून मराठींत. आणि नुसत्या रूपावरून दिशा कळत नाहीं. गिरीज गांवाविषयीं एखादा शास्त्री 'गिरिजा' म्हणेल आणि फिरंगी जाणणारा 'इग्रेझा' म्हणजे चर्च असें म्हणेल. दोघांचीही भिस्त कानावर! इ. स. १५३४ च्या पूर्वींच्या एखाद्या ताम्रपटांत वा पत्रांत तें नांव दाखविल्याखेरीज पहिल्याचें म्हणणें मानूं नये, आणि ज्या कागदांत चर्चचें नांव गांवास लागत गेलेलें दिसतें असा कागद दाखविल्याखेरीज दुसऱ्याचें.

आतां जोडनांवांकडे येतों, कारण आमची चूक तेथेंच झाली. फिरंग्यांचें राज्य एकाच काळीं गोव्यांत व उत्तर कोंकणांत होतें, दोन्हीकडील मूळ भाषा सख्ख्या बहिणी, आणि लिहिणारे बहुधा गोव्यांत शिकलेले. परिणामीं एकच लेखन दोन गांवांस लागलें. साल्सेत एक गोव्यांत, एक ठाण्याकडे. दोन्हींचें मूळ 'साष्टी', आणि तिचें मूळ 'षट्षष्टि', म्हणजे सहासष्ट गांवांचा समूह. शिलाहारांच्या लेखांत ठाण्याकडील षट्षष्टि विषय आलेलाच आहे. मर्सेस वसईंत आहे तसें पणजीजवळही आहे. माइं म्हणजे मुंबईचें माहीम कीं केळवें-माहीम, हा तर बखरीच्या अभ्यासकांचा जुनाच वाद. सर्वांत मौजेचें उदाहरण 'बांदोरा'. मुंबईजवळील वांद्र्यास फिरंगी 'बांदोरा' लिहीत. 'व'चा 'ब' वसईप्रमाणेंच. तिकडे गोव्यांत फोंडे महालांत बांदोडें आहे. त्यांतील 'ड' त्यांच्या लिपींत 'र' झाला, आणि तेंही 'बांदोरा'च झालें! दोन भिन्न नांवें दोन निराळ्या वाटांनीं येऊन एकाच घरांत राहिलीं. येथें मात्र कालगणना उपयोगी पडते. फोंडे महाल फिरंग्यांकडे इ. स. १७६३ मध्यें आला. तत्पूर्वींच्या कागदांत बांदोऱ्याचें चर्च व तेथील पाद्री यांचा उल्लेख असेल तर तो वांद्र्याचा समजावा. इंग्रजी कागद धुंडाळणाऱ्यांस आणखी एक सूचना : फिरंगी 'बसाइं'वरून इंग्रजांनीं 'बॅसीन' केलें, आणि ब्रह्मदेशांतील पाथेइन या बंदरासही त्यांनीं तेंच नांव दिलें. ग्रंथालयाच्या यादींत 'बॅसीन' दिसलें म्हणून हर्षित होऊन मागणी करावी, आणि इरावतीच्या मुखावरील तांदळाचा व्यापार हातीं यावा, असा अनुभव आम्हांस आला आहे.

या जोडनांवांत आगाशीची जोडी सर्वांत फसवी, कारण तेथें मराठी उच्चारही जवळजवळ एकच. गोव्याची आगशी तिसवाडींत, जुवारी नदीच्या कांठीं. आमची आगाशी वसईच्या उत्तरेस, अर्नाळ्याच्या वाटेवर. गोव्याच्या आगशीचीं मसालेदार डुकराच्या मांसाचीं सॉसेजें नांवाजलेलीं, आमच्या आगाशीचीं सुकेळीं. कागदांत खाद्यपदार्थांचा हिशेब असता तर प्रश्नच उरला नसता. फिरंगी लेखनांत दोन्हींस 'आगासाइं' म्हटलेलें आहे. वर सांगितलेल्या नियमाप्रमाणें 'आगाशी'चें 'आगाशीं' व्हावें, आणि 'श'साठीं त्यांच्याजवळ 'एक्स' हें अक्षर आयतेंच होतें. मग 'साइं' कोठून आलें? आमचा तर्क असा. गोवें फिरंग्यांनीं इ. स. १५१० मध्यें घेतलें, वसई त्यानंतर चोवीस वर्षांनीं. गोव्याच्या आगशीचें लेखन त्यांच्या कचेरींत आधींच रूढ झालेलें असणार. पुढें उत्तरेंत तसेंच वाजणारें नांव कानीं येतांच कारकुनानें कानाचा विचार न करतां हातास सवय असलेलें रूप लिहिलें, आणि शेजारीं रोज लिहावें लागणारें 'बसाइं' असल्यामुळें तें रूप पक्कें झालें. हा तर्कच आहे. पण कारकुनाचा हात कानापेक्षां संवयीनें अधिक चालतो हें कोणत्याही दप्तरांत दिसतें. म्हणून 'आगासाइं' या रूपावरून आगाशीचा जुना उच्चार 'आगासई' होता असें अनुमान काढणाऱ्यांशीं आम्ही सहमत नाहीं.

येणेंप्रमाणें नांवाच्या अक्षरांनीं निर्णय होत नाहीं हें ठरल्यावर आम्हीं तें पान पुन्हा मागवून घेतलें. खरें सांगावयाचें तर रात्रीं झोंप लागेना म्हणून मागवून घेतलें. पहिल्या वाचनांत आम्हीं विक्रेत्याचा शेरा आधीं वाचला होता आणि पान नंतर. यावेळीं शेऱ्यावर कागदाची पट्टी ठेवली.

सहा नोंदींपैकीं चारांत 'आगासाइं' येतें. तीन ठिकाणीं तें उघडें आहे, पुढें-मागें कांहीं विशेषण नाहीं. पांचव्या नोंदींत मात्र 'आगासाइं, गोव्याचें बेट' असें आहे, आणि पुढें संत लोरेन्सुच्या चर्चचा उल्लेख आहे. गोव्याच्या आगशीचें चर्च संत लोरेन्सुचेंच. पानांत 'गोवें' हा शब्द एवढ्या एकाच ठिकाणीं, आणि तो पानावरील सर्वांत ठळक, न करपलेल्या शाईंतला. विक्रेत्यानें तो वाचून शेरा मारला, आणि आम्हीं शेरा वाचून मत दिलें.

पण विचार केला असतां हीच नोंद त्या शेऱ्याच्या विरुद्ध साक्ष देते. माणूस जवळच्या गांवाचें नुसतें नांव घेतो. दूरच्या गांवास ओळख जोडतो. वसईंतला मनुष्य 'पापडी' एवढेंच म्हणतो, पण पुण्याहून आलेल्या पाहुण्याचें गांव तालुक्यासह सांगतो. लिहिणारा पाद्री गोव्याच्या आगशींत बसला असता तर त्यास 'गोव्याचें बेट' हें लिहिण्याचें प्रयोजनच पडलें नसतें. ज्या अर्थीं त्यानें एकाच आगाशीस विशेषण लाविलें आणि तिघींस लाविलें नाहीं, त्या अर्थीं त्या तिघी त्याच्या दाराशीं होत्या. त्या पांचव्या नोंदींतील वर 'नातुराल' म्हणजे मूळचा गोव्याच्या आगशीचा, आणि 'मोरादोर' म्हणजे राहणार या प्रांतींचा आहे. हे दोन शब्द आम्हीं पहिल्यानें एकाच अर्थानें घेतले होते. ते एक नव्हेत. जन्मगांव निराळें आणि वस्तीचें गांव निराळें, हें सांगण्यासाठींच ते दोन ठेवले आहेत. जसे आपल्या कागदांत 'मूळ वतनदार' व 'हल्लीं वस्ती'.

याखेरीज तिसऱ्या नोंदींत वधूचें गांव 'नांदाकाल' दिलें आहे. महाप्राण गेला कीं नांदाखाळचें हेंच व्हावयाचें, आणि नांदाखाळ आगाशीच्या शेजारीं. चौथ्या नोंदींत 'कासाबे' हा शब्द आहे. कसबा हा शब्द फिरंग्यांनीं वसईच्या वसुली विभागासाठीं बोतेल्युच्या काळापासून जसाच्या तसा उचललेला होता. आणि पहिल्या नोंदींत आगासाइंच्या पुढें चर्चच्या संताचें नांव संक्षेपानें आलें आहे : 'एस्', मग 'टी', आणि 'टी'च्या खांद्यावर एक बारीक अक्षर. फिरंगी लेखनांत संक्षेप करतांना शब्दाचें शेवटचें अक्षर असें वर चढवितात. तें अक्षर 'ओ' असेल तर संत तियागु, म्हणजे याकोब. 'ई' असेल तर संत तोमे, म्हणजे थोमा. शाईनें नेमका तोच भाग खाल्ला आहे. आम्हीं भिंग लावून, कागद उजेडासमोर धरून पाहिलें. उजव्या बाजूची कड बंद दिसते, म्हणून 'ओ' वाचतों. आमच्या आगाशीचें चर्च संत याकोबाचें आहे. कोणी 'ई' वाचण्याचा आग्रह धरला तर सांडोर येथील संत थोमाचें चर्चही वसईंतच आहे. गोव्यांत संत थोमाचें चर्च आल्दोना येथें आहे, पण आगशी येथें नाहीं. म्हणजे तें बारीक अक्षर कसेंही वाचलें तरी लोरेन्सु होत नाहीं.

राहतां राहिली कालाची शंका, आणि विक्रेत्याच्या मनांत तीच असावी. पानाचा सन १७३९ नंतरचा, आणि वसईंत तर तेव्हां पेशव्यांचा अंमल. बसाइंचें बाजीपूर झालेलें, फिरंगी अंमलदार गेलेले. मग फिरंगी भाषेंतील पान वसईंत कोण लिहिणार? ही समजूत फार पसरलेली आहे आणि ती निराधार आहे. राज्य गेलें म्हणून प्रजा गेली नाहीं. ख्रिस्ती रयत आपल्या वाड्यांतून होती तशी राहिली. मठवासी संघांचे युरोपीय साधू निघून गेल्यावर त्यांच्या जागीं मुख्यत्वें गोव्याचे देशी पाद्री आले, आणि गोव्याच्या आर्चबिशपाच्या अधिकारांत फिरंगी भाषेंतच वह्या लिहीत राहिले. किंबहुना लिहिणारा गोव्याचा होता ही गोष्टच पानांतील लेखनाचा खुलासा करते. त्याच्या हातास 'आगासाइं' गोव्यापासून ठाऊक होतें; आणि आपल्या मुलखाची आगशी ती नव्हे, ही दुसरी, हें भान त्यास होतें म्हणूनच त्यानें पांचव्या नोंदींत बेटाचें नांव घातलें. मराठी अंमलांतील वसईच्या सामान्य ख्रिस्ती कुटुंबांविषयीं पेशवे दफ्तरांत मोहिमेच्या व महसुलाच्या निमित्तानें जें येईल तेवढेंच येतें. कोणाचें लग्न कोणाशीं झालें, गोव्याचा माणूस वसईस येऊन कोणाचा जांवई झाला, हें सांगणारे कागद म्हणजे हींच पानें. तीं गोव्याच्या रुमालांत बांधलीं गेलीं तर वसईचा शोध घेणारा तेथें पाहणार नाहीं, आणि गोव्याचा शोध घेणाऱ्यास त्यांतील गांवें लागणार नाहींत.

स्नेह्यांनीं अदलाबदलीचा विचार सोडला आहे. मोडीचा रुमाल हातचा गेला याबद्दल ते आम्हांस अद्याप बोल लावतात, आणि तो बोल आम्ही मुकाट्यानें ऐकून घेतों, कारण पहिलें मत आम्हीं लेखी दिलेलें होतें. तें या लेखानें रद्द समजावें. पानावरील पेन्सिलीचा शेरा पुसलेला नाहीं, पुढील वाचकास चूक कोठून आली तें कळावें म्हणून तसाच ठेवून, वेगळ्या चिठीवर "वसई प्रांत, आगाशी, पांचवी नोंद मात्र गोव्याच्या आगशीच्या माणसाची" असें लिहून लाविलें आहे.

ज्यांच्या संग्रहीं आगशी, मर्सेस, बांदोरा किंवा साल्सेत यांपैकीं कोणत्याही नांवाखालीं गोव्याचीं म्हणून ठेवलेलीं फिरंगी पानें असतील त्यांनीं तीं एकवार पुन्हा पाहावींत, आणि संशय आल्यास नक्कल आम्हांकडे पाठवावी अशी विनंति आहे. नक्कल करतांना संक्षेप पुरे करूं नयेत. अक्षराच्या खांद्यावरील बारीक अक्षर जसें दिसतें तसेंच, पारदर्शक कागदावर काढून पाठवावें. तें जळलेलें असेल तर जळक्या छिद्राचा आकारही काढावा.